ट्रॅक्टरचा विमा: नुसता थर्ड पार्टी की फुल?

थर्ड पार्टी विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचाच आहे. ट्रॅक्टरची धडक बसून कोणी दगावलं, जखमी झालं, तर भरपाई त्यातून मिळते. पण स्वतःचा ट्रॅक्टर कॅनॉलच्या भरावावरून पलटी झाला, चोरीला गेला किंवा जळाला, तर हाती एक रुपया येत नाही.

फुल विम्यात हे नुकसान भरून मिळतं, पण घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, वजा करून. टायर-ट्यूब आणि बॅटरीवर तर निम्मी रक्कम कापतात. शिवाय बॉनेट, मडगार्ड, हेडलाइट यांचं सुटं नुकसान साध्या फुल पॉलिसीतही धरत नाहीत. त्यासाठी 'आयएमटी २३' हे कलम जादा हप्ता भरून घ्यावं लागतं. ट्रॅक्टर पलटी झाला की आधी बॉनेटच चेपतं, म्हणून एजंटाकडे हे कलम मागूनच घ्या.

ट्रॉली आणि रोटाव्हेटरचं काय? ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ती आपोआप येत नाहीत, वेगळी नोंदवावी लागतात. ट्रॉलीत बसवलेले मजूरही पॉलिसीत आपोआप धरले जात नाहीत. शेतीकामाच्या पॉलिसीवर भाड्याने ऊस वाहिला, तर क्लेम अडकू शकतो.

माझं मत सांगतो. बँकेचा हप्ता चालू असेल तर फुलच घ्या, बँकही तेच मागते. पंधरा वर्षं जुन्या, घरच्याच रानात फिरणाऱ्या ट्रॅक्टरला थर्ड पार्टी पुरे, पण सोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा हवाच. पलटी झाल्यावर सीटवर आपलंच माणूस असतं.