जपानहून आलेली सेकंडहँड लीफ: ऑकलंडमध्ये वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

इथे नवीन आलेली मराठी मंडळी हमखास विचारतात, जुनी इलेक्ट्रिक गाडी घेऊ का? आणि स्वस्तातली जुनी इलेक्ट्रिक म्हणजे न्यूझीलंडमध्ये फिरून फिरून निसान लीफच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. माझी 2018 ची, 40 किलोवॅट-अवरच्या बॅटरीवाली, आधी जपानमध्ये कोणीतरी वापरलेली. पहिल्यांदा हे डोक्यात घ्या की इथल्या रस्त्यावरच्या बहुतेक लीफ शोरूममधून विकल्याच गेलेल्या नाहीत. कंपनीने पहिलं मॉडेल थोडे दिवस विकलं, मग बंद केलं, आणि पुढचं अधिकृतपणे आणलं ते थेट 2019 मध्ये. मधल्या काळात यार्डवाल्यांनी, म्हणजे जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरांनी, जपानच्या लिलावातून आणून आणून बाजार भरला. त्यामुळे गाडी बोटीने येते पण कंपनीची वॉरंटी, फोनवरचं ॲप यातलं काही समुद्र ओलांडून येत नाही.

चालवायला मस्त आहे, त्याबद्दल वादच नाही. सिग्नलला पिकअप असा की शेजारचा बघत राहतो. ई-पेडल (ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी आपोआप थांबवणारी सोय) चालू केलं की ब्रेकला पाय क्वचितच लागतो, बॉम्बे हिल्सचा उतार उतरताना तर उलट चार्ज जमा होतो (हो, इथे ऑकलंडच्या दक्षिणेला बॉम्बे आहे आणि तिथे ट्रॅफिकही असतो).

जपानीपणाची मात्र सवय करावी लागते. गाडी चालू केली की आतली बाई बोलते, "ईटीसी कादो गा सोन्यू सारेते इमासेन", म्हणजे टोलचं कार्ड घातलेलं नाही. पोराला ते तोंडपाठ झालंय, बाईच्या आधी तोच म्हणतो, आणि आई नाशिकहून आली होती तेव्हा रोज विचारायची की ही कोण बया आणि हिला एकदाचं उत्तर का देत नाहीस. मधली स्क्रीन पूर्ण जपानी, मेनूत काही शोधायचं तर गूगल ट्रान्सलेटचा कॅमेरा धरून बसायचं. नॅव्हिगेशनमध्ये फक्त जपानचा नकाशा. रेडिओ जपानी बँडचा, त्यामुळे एफएमची वरची स्टेशनं लागतच नाहीत, बँड एक्स्पांडर नावाची डबी बसवावी लागते. हे सगळं चालवून घेता येतं.

चालवून घेता येत नाही ती बॅटरी. तुम्ही गाडी घेत नाही, बॅटरी घेताय, तिला चाकं आहेत इतकंच. डॅशबोर्डवर बॅटरीची तब्येत दाखवणारे 12 बार असतात आणि सेल्समन बोट दाखवून म्हणतो, बघा बाराच्या बारा. अहो पण पहिला बार जातोच मुळी जवळपास 15 टक्के क्षमता गेल्यावर, म्हणजे बारा बारवाली गाडी 99 टक्क्यांची असेल किंवा 86 चीही असेल. शिवाय बार रीसेट करून पुन्हा बारा दाखवता येतात हे यार्डवालेही जाणून असतात. म्हणून ओबीडीचा (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटचा) ब्लूटूथ डोंगल घ्या, फोनवर लीफ स्पाय हे बॅटरीची खरी क्षमता दाखवणारं ॲप टाका आणि टेस्ट ड्राइव्हच्या आधी स्वतः आकडा बघा. एका यार्डात मी डोंगल काढला तर माणसाचा चेहराच उतरला, म्हणाला कंपनी पॉलिसीत बसत नाही. म्हटलं ठीक आहे, बाहेर पडलो.

30 किलोवॅट-अवरवाली बघत असाल तर अजून एक. 2018 ला इथल्याच फ्लिप द फ्लीट नावाच्या उपक्रमाने इलेक्ट्रिक गाड्यांच्या मालकांचे आकडे जमवून दाखवलं की त्या बॅटऱ्यांची क्षमता भराभर उतरतेय, मग निसानने अपडेट काढलं आणि कळलं की मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच घोळ होता. ते अपडेट झालंय का विचारा. 24 किलोवॅट-अवरवाली फक्त शाळा-ऑफिस-भाजीसाठी, ऑकलंडहून हॅमिल्टन शहर एका दमात विसरा. माझ्या 40 वालीला जपानी टेस्टमध्ये 400 किलोमीटर रेंज लिहिली होती, हायवेला 100 च्या स्पीडने दोनशेच्या आसपास धरा, थंडीत हीटर लावून त्याहून कमी.

लांबच्या प्रवासाला ही गाडी नाहीच असं मी म्हणेन. बॅटरीला थंड करायची सोयच दिलेली नाही, त्यामुळे वेलिंग्टनला निघालात की पहिलं फास्ट चार्जिंग झकास, दुसरं बरं, आणि तिसऱ्याला बॅटरी तापलेली, 50 किलोवॅटच्या चार्जरवर 20-25 ने रांगत बसायचं. त्यात फास्ट चार्जिंगचा प्लग चाडेमो या जपानी पद्धतीचा, बाकी जग सीसीएस या दुसऱ्या पद्धतीकडे गेलंय, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी आपल्याला एकच केबल आणि तिच्यापुढे अजून एक लीफ.

आता पैशाचं. मार्च 2024 पर्यंत इलेक्ट्रिकला रोड युजर चार्ज (रस्ता वापरायचा सरकारी कर) माफ होता, 1 एप्रिलपासून दर हजार किलोमीटरला 76 डॉलर. हजार किलोमीटरला साधारण 160 युनिट वीज, 30 सेंटने 48 डॉलर, म्हणजे झाले 124. टोयोटा अॅक्वा हायब्रिड तेवढ्यात 45 लिटर पेट्रोल खाते, लिटरला पावणेतीन डॉलर धरले तर 124 च! इलेक्ट्रिक घेताना मिळणारी सबसिडीही 2023 संपताना गेली. मग परवडते कधी? रात्रीच्या स्वस्त विजेवर. कॉन्टॅक्ट एनर्जी या वीज कंपनीचा रात्री 9 ते 12 फुकट विजेचा प्लॅन आहे, पण नुसत्या तीन पिनच्या 8 अँपियरवर तीन तासांत साडेपाच युनिट जातात, 30-35 किलोमीटर फक्त. भिंतीवर चार्जर बसवा, आणि घेताना विचारा की गाडीतला चार्जर 3 किलोवॅटचा आहे की 6 चा, कारण जपानमध्ये 6 वाला ऑप्शन होता आणि बऱ्याच गाड्यांत तो नाहीच. भाड्याच्या घरात ऑफस्ट्रीट पार्किंग नसेल तर सरळ अॅक्वा घ्या.

स्वतः जपानहून मागवू का, असंही लोक विचारतात. एका मित्राने मागवली. लिलावाची शीट, एजंट, जहाज, किडे-माती बघणारं बायोसिक्युरिटी, 15 टक्के जीएसटी, मग एन्ट्री सर्टिफिकेशन (गाडी इथल्या रस्त्यावर आणण्याआधीची तपासणी), सगळं करून वाचले थोडेच. आणि मुख्य म्हणजे इथल्या डीलरकडून घेतली तर कन्झ्युमर गॅरंटीज अॅक्ट हा ग्राहकांच्या हक्काचा कायदा पाठीशी असतो, ओसाकातल्या एजंटशी भांडायला तो कायदा येत नाही. हौस असेल तर करा, मी यार्डातूनच घेईन. सर्व्हिसला टायर, वायपर, ब्रेक ऑइल यापलीकडे फार काही नसतं. फक्त पुढची छोटी 12 व्होल्टची बॅटरी जुनी असेल तर आधीच बदला, ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ढिम्म हलत नाही.

आणि यार्डवाला डिकीतली जपानी चार्जिंग केबल दाखवून "ही फुकट" म्हणाला तर हुरळू नका. ती जपानच्या 200 व्होल्टसाठी असते, आपल्याकडे 230. अॅडॉप्टर लावून वापरत बसू नका, त्याऐवजी इथल्या पिनची केबल किमतीत घालून मागा, घासाघीस केली तर देतात.