आंबोलीच्या धुक्यासाठी फॉग लाइट: पिवळा हॅलोजन की एलईडी?

पाऊस तोंडावर आला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, "फॉग लाइटला एलईडी टाकू का?" माझं मत आधीच सांगून टाकतो. आंबोली, आंबा, ताम्हिणी अशा घाटांतून नेहमीचं जाणं-येणं असेल तर आहे त्याच वॅटचा पिवळा हॅलोजन घ्या. एलईडी चालेल, पण अटी आहेत. गाडी नुसती उठून दिसावी म्हणून बदलणार असाल तर पैसे वाचवा.

आधी गाडीत कोणता बल्ब आहे ते बघा. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत एच८, एच११ किंवा एच१६ असतो. तिघं दिसायला सख्खी भावंडं, पण एच८ ३५ वॅटचा, एच११ ५५ चा आणि एच१६ जेमतेम १९ वॅटचा. उजेड साधारण ८००, १,३५० आणि ५०० लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप). त्यांच्या खाचा मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात, आणि आपले कारागीर त्या कानशीने घासून कुठलाही बल्ब कुठेही बसवून देतात! तसलं करून घेऊ नका. १०० वॅटचा बल्बही नको. फॉग लॅम्पचं घर छोटं, त्यात प्लास्टिक; आधी ते वितळतं, मग वायरिंग. कंपनीचाच एलईडी फॉग लॅम्प असेल तर बहुधा बल्ब सुटा निघतच नाही, तेव्हा निवडीचा प्रश्न मिटला.

पिवळ्याबद्दल एक गैरसमज आहे. पिवळा उजेड धुकं 'फाडतो' म्हणतात, ते खरं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते सगळेच रंग जवळपास सारखेच विखुरतात. फरक पडतो तो डोळ्यांना: निळा भाग कमी झाला की समोरून परत येणारी चमक कमी बोचते. (फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत हेडलाइटसुद्धा पिवळेच असत.) बल्बवरचा पिवळा थर थोडा उजेड गिळतो, हे मात्र धरून चाला.

एलईडीचं गणित वेगळं. वीज कमी लागते, उजेड भरपूर. पण डब्यावरचे लुमेन जपून वाचा, ते बऱ्याचदा फुगवलेले असतात. खरी अडचण आकाराची आहे. फॉग लाइटचा उजेड खाली, रुंद आणि वरून सुरीने कापल्यासारखा हवा. आतला रिफ्लेक्टर हॅलोजनमधल्या एका बारीक तारेच्या (फिलामेंटच्या) जागेवर बेतलेला असतो. एलईडीच्या चिप दोन बाजूंना असतात; त्या बरोबर डाव्या-उजव्या बाजूला आल्या नाहीत तर ती कड विस्कटते आणि उजेड वर उडतो. वर गेलेला उजेड धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांसमोर पांढरा पडदा उभा करतो. मी एकदा ६००० केल्व्हिनचे (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा) पांढरे बसवले होते. आजऱ्याच्या पुढे समोरच्या ट्रकवाल्याने दोनदा डिपर मारला. उतरून बघितलं तर रस्त्याकडेच्या झाडाच्या फांद्या लख्ख, आणि कडेची पांढरी पट्टी अंधारात. घरी आल्यावर बल्ब पाव फेरा फिरवला, तेव्हा कुठे उजेड खाली आला. म्हणून एलईडी घ्यायचाच तर कॉलर (बल्ब बसवायची कडी) फिरवता येणारा, पिवळसर, साधारण ३००० केल्व्हिनचा घ्या.

एचआयडी (फिलामेंटऐवजी वायूतल्या ठिणगीने पेटणारा दिवा) किटबद्दल एवढंच: पेटल्यावर पूर्ण उजेड यायला काही सेकंद लागतात आणि हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये तो चौफेर सांडतो. नको.

हॅलोजन बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाच्या तेलाने ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. काहीही बसवलं तरी रात्री सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी लावा. दिव्याच्या मध्याच्या उंचीवर भिंतीला टेप चिकटवा. उजेडाची वरची कड टेपच्या ७-८ सेंटिमीटर खाली हवी. नसेल तर लॅम्पच्या मागचा स्क्रू फिरवा. आधी भिंग मात्र पुसा. लाल चिखलाचा थर असेल तर बल्ब बदलून काही उपयोग नाही.

आता वापर. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये ढोबळ नियम आहे: साधारण १०० मीटरपलीकडचं दिसत नसेल तरच फॉग लाइट. आपल्याकडे कोरड्या रात्री, भर शहरातही ते चालूच असतात. समोरून येणाऱ्या बाइकवाल्याच्या व्हायझरवर पावसाचे थेंब असतील तर आपल्या दोन दिव्यांचे त्याला पन्नास दिसतात. धुक्यात सोबत लो बीमच ठेवा. चालत्या गाडीत हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) नको. वळणार की नाही ते मागच्याला कळत नाही. मागचा लाल फॉग लाइट टेल लाइटपेक्षा बराच प्रखर असतो. मागून गाडी जवळ आली की तो बंद करा, नाहीतर तुम्ही ब्रेक कधी दाबलात ते तिला उशिरा समजेल.