जेवण उत्तम, पण कामाच्या पोरांवर हात उगारला जातो (नवी पेठ परिसर, सोलापूर)

येथील कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि झणझणीत रस्सा खरोखरच चांगला आहे, दरही वाजवी आहेत. तरीही मी या हॉटेलला एकच तारा देत आहे. रविवारच्या गर्दीत जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांच्या वाढप्याच्या हातून ताकाचा पेला सांडला, तेव्हा व्यवस्थापकाने गल्ल्यावरून उठून सर्वांदेखत त्याच्या कानशिलात लगावली, आणि तो मुलगा मान खाली घालून फडक्याने फरशी पुसू लागला. बिल देताना मी जाब विचारला, तर "नवीन पोरं अशीच शिकतात" असे उत्तर मिळाले. पगार देतो म्हणून मारण्याचा हक्क मिळतो, असे या गृहस्थांना वाटते काय?

पार्सल काउंटरवरील तरुणीची अवस्था तर अधिकच वाईट होती, कारण दोन गिऱ्हाईके तिच्याकडे वारंवार फोन नंबर मागत असताना तिला "हसून वेळ मारून ने" असे सांगण्यात आले. वास्तविक २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार बाहेरून येणाऱ्या व्यक्तींपासूनही महिला कर्मचाऱ्यांना सुरक्षित ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती नेमून तिची माहिती दर्शनी भागात लावावी लागते. येथे वाढपी आणि आचारी मिळून सहज पंधराजण दिसले, भिंतीवर मात्र फक्त दरपत्रक होते. त्याहून लहान आस्थापनांतील महिलांना जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते, हे तिथे काम करणाऱ्या मुलींना कोणीतरी सांगायला हवे. व्यवस्थापकाने त्या मुलाची माफी मागेपर्यंत आमचे कुटुंब येथे जेवणार नाही.