मार्केट यार्डातलं पेंड-कोंड्याचं दुकान, माल बघून घ्या
लेयरच्या, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या, तयार फीडचं पोतं परवडंना म्हणून मका थोडा कमी करून इथला भाताचा कोंडा घालायला लागलोय. तेल काढलेलाच घ्या ओ, साधा कोंडा पावसाळ्यात लगेच खवट होतो, मूठभर हुंगल्याशिवाय पैसे देऊ नका. सोयापेंड लई भारी, पिवळसर, भाजल्यागत वास. शेंगपेंडीत मात्र बुरशीच्या गाठी निघाल्या, असली पेंड कोंबडीला विषच की, मालकानं पोतं बदलून दिलं पण तोंड वाकडं करून! शिंपल्याचा चुरा पण इथंच मिळतो, तो विसरू नका, अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम लागतं आणि कोंड्यात ते नसल्यातच जमा, मग कवच पातळ पडतं. काटा चोख. उधारी नाय, गुगल पे चालतं.