शहाबादी फरशीचा गादीवाफा आणि बारमाही भाज्या: एक उन्हाळा काढल्यानंतर

सोलापुरात गादीवाफ्याबद्दल, म्हणजे जमिनीपेक्षा उंच बांधलेल्या वाफ्याबद्दल, मत द्यायचं तर मे महिना जाऊ द्यावा. पावसाळ्यात काय, कुठंही काहीही उगवतं. आमच्या वाफ्याने अख्खा उन्हाळा काढलाय, म्हणून आता लिहितोय.

बांधणी साधी आहे. घरकामातून उरलेल्या शहाबादी फरशा उभ्या गाडल्या. लांबी ८ फूट, रुंदी ३ फूट, उंची दीड फूट, तळ मोकळा. फरशीला वाळवी लागत नाही की ती कुजत नाही. ३६ घनफूट भराव ऐकायला थोडा वाटतो, पण घमेली मोजताना दम निघतो. खाली वाळक्या फांद्या आणि उसाचं पाचट, वर पोयटा (गाळाची माती) आणि शेणखत. काळी माती बेतानेच घाला. ती पाण्याने फुगते आणि उभ्या फरशीला आतून रेटते. आमची लांब बाजूची एक फरशी भर पावसात कलली, बाहेरून लोखंडी अँगल ठोकल्यावर थांबली. पाचट कुजतं तसा भराव खाली बसतो, वरून शेणखत देत राहायचं.

खरी परीक्षा उन्हाची. पारा ४२ च्या पुढे गेला की दुपारी फरशीला हात लावता येत नाही, आणि कडेची वीतभर माती भाजून निघते. जमिनीतल्या आळ्याला हा त्रास नाही. म्हणून रोपं मधोमध लावा, पश्चिमेला शेडनेट बांधा आणि पाचटाचं जाड आच्छादन करा. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे आम्ही वाफ्यात कुंभाराकडची न रंगवलेली मडकी गळ्यापर्यंत पुरली. पाणी हळूहळू झिरपतं, मुळं मडक्याला बिलगतात. तोंडावर झाकण हवंच, नाहीतर डास होतात. बोअरच्या पाण्याने मात्र मडक्यावर आतून पांढरा थर धरतो आणि झिरपणं मंदावतं. व्हिनेगर घालून घासलं की थोडं सुधारतं.

आता भाज्या. तोंडलीला पैकीच्या पैकी गुण. फळं धरणाऱ्या वेलीचंच छाट आणा, कारण नर आणि मादी वेल वेगळी असते आणि बियांतून नर निघाला तर नुसता पालाच बघत बसावं लागतं. थंडीत ती सुस्तावते, तेव्हाच छाटावी. मेमध्ये खोड वाळल्यासारखं दिसलं, उपटायला कोणी निघालं तर आधी नखाने साल खरवडून बघा. आमचं आत हिरवंगार होतं, आणि वळवानंतर डोळे फुटले. शेंगांचं कूट घालून केलेली परतून भाजी भाकरीबरोबर, अजून काय पाहिजे.

मायाळू सावलीत टिकला, भज्यांपुरता भरपूर. चक्रमुनी हे पालेभाजीचं झुडूपही तग धरून आहे, पण पाला शिजवूनच खा. तैवानमध्ये १९९० च्या दशकात वजन घटवायला त्याचा कच्चा रस पिणाऱ्यांची फुप्फुसं कायमची खराब झाली होती. अळूला हा वाफा मानवत नाही. पानांच्या कडा करपतात, ते न्हाणीच्या सांडपाण्याजवळच बरं.

शेवगा वाफ्यात लावूच नका. तो झाडासारखा वाढतो, फरशा उचलून टाकेल. पीकेएम-१ हे शेवग्याचं वाण कुंपणालगत जमिनीत लावा आणि गुडघ्याच्या वर गेला की शेंडा खुडा, म्हणजे शेंगा हाताला येतील. दुसरा वाफा बांधायचं घाटतंय. तो फूटभरच उंच करणार, उन्हाला तोंड द्यायला भिंत जेवढी कमी तेवढं बरं.