एव्हरी नॉइज ॲट वन्स: नववीच्या मुलांबरोबर वापरलेली वेबसाइट

मी संगीत शिकवते. मुलांना गाण्याचे प्रकार शिकवायचे म्हटलं की फळ्यावर यादी यायची, ब्लूज, जॅझ, रॉक, रेगे, हिपहॉप, आणि प्रत्येकाखाली दोन ओळींची व्याख्या. मुलं उतरवून घ्यायची, पेपरात लिहायची, आणि त्यातलं एकही गाणं त्यांच्या कानावर पडलेलं नसायचं. या वेळी यादी बाजूला ठेवली आणि आठ तास ही वेबसाइट उघडून बसलो, त्याबद्दल लिहितेय, कारण शिकवणाऱ्या कुणाच्याही उपयोगाची आहे.

आधी ती काय आहे ते सांगते. एक भलंमोठं पान, त्यावर सहा हजारांहून जास्त संगीत प्रकारांची नावं विखुरलेली. ग्लेन मॅकडोनाल्ड नावाच्या माणसाने स्पॉटिफायच्या डेटावरून हा नकाशा केलाय. नावावर क्लिक केलं की त्या प्रकारातल्या एका गाण्याचा छोटा तुकडा वाजतो, बाजूच्या बाणावर क्लिक केलं की त्या प्रकारातल्या कलाकारांचा तसाच दुसरा नकाशा उघडतो. नावं कुठेही टाकलेली नाहीत बरं का. खाली गेलात की हाताने वाजवलेल्या वाद्यांचा आवाज, वर गेलात की मशीनचा, डावीकडे दाट आणि संथ पसरलेलं, उजवीकडे उड्या मारणारं. एवढं एकच वाक्य मुलांना सांगितलं आणि माऊस त्यांच्या हातात दिला.

पहिला तास नुसता गोंधळ होता आणि तो होऊ द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. शोधायच्या चौकटीत प्रत्येकाने आपल्या आवडत्या गायकाचं नाव टाकलं, आणि एकेका नावासमोर दोन-दोन, चार-चार प्रकार आले. तिथेच पहिला वाद पेटला, की मग हा नक्की कुठला? हा वाद मी फळ्यावर व्याख्या लिहून कधीच लावू शकले नसते. प्रकार म्हणजे कप्पे नाहीत, शेजार आहे, हे मुलांनी आपलं आपण काढलं.

दुसऱ्या तासापासून मी एक नियम लावला. एकच तुकडा चार वेळा ऐकायचा, पहिल्यांदा फक्त ठेका, मग फक्त बास (तळाचा जाड आवाज), मग सूर, शेवटी शब्द. एक मुलगा आहे, सदा मागच्या बाकावर, हेडफोन गळ्यात. बासच्या फेरीला तो कानावर हात दाबून, डोळे मिटून बसला आणि मग एकदम म्हणाला, "मॅडम, हे खाली आधीपासून चालू होतं?" ते गाणं त्याचं स्वतःचं आवडतं होतं, शेकडो वेळा ऐकलेलं. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, खरंच. रेगेला अर्ध्या वर्गाने ठोक्यावर टाळी दिली आणि अर्ध्याने दोन ठोक्यांच्या मधे, जिथे गिटार येते तिथे, "चक्" म्हणायचं. पाच मिनिटं सगळे चुकले आणि मग जमलं, आणि जमल्यावर कुणी थांबेनाच.

आता कमी कुठे पडते ते. ही वेबसाइट कान देते, गोष्ट देत नाही. हा प्रकार कुणी काढला, कुठे, का, आणि तरुण पोरांनीच तो का उचलून धरला, याचं उत्तर त्या नकाशावर नाही, ते शिकवणाऱ्याने आणायचं. मी हिपहॉपचं आणलं. 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कचा ब्रॉंक्स भाग, एका इमारतीतला हॉल, शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवलेली आणि तिकडे रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. त्याने बघितलं होतं की गाण्यात गायक थांबतो आणि नुसता ठेका उरतो तेव्हाच लोक सगळ्यात जास्त नाचतात, मग त्याने दोन टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायची यंत्रं, घेऊन तेवढाच भाग लांबवत नेण्याची युक्ती काढली. त्याचं वय 18. वर्गातली मुलं 14-15 ची. "म्हणजे आपल्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठा?" हा प्रश्न आला आणि त्यानंतर मला फार बोलावं लागलं नाही.

तसंच 808 चं. रोलँड कंपनीचं हे ड्रम मशीन 1980 ते 1983 एवढंच बनलं, साधारण 12,000 नग, खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून फारसं चाललं नाही, मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागलं आणि पैसे नसलेल्या तरुण पोरांच्या हातात गेलं. आजच्या ट्रॅपमधला, म्हणजे हिपहॉपच्याच एका प्रकारातला, तो छातीत घुमणारा बास त्याच आवाजाचा वंशज. हे सांगून मग नकाशावर ट्रॅप वाजवा, मुलं वेगळ्या कानाने ऐकतात.

तरुणांना का आवडतं यावर पोरांशी बोलताना एक गोष्ट मात्र सांभाळा, त्यांच्या आवडीला नावं ठेवू नका, नाहीतर ती तोंड उघडत नाहीत. मी उलट बाजूने गेले. 1954 मध्ये खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ आला, 1979 मध्ये वॉकमन आला, म्हणजे घरातल्या मोठ्यांच्या रेडिओसमोर बसायची गरज संपली, आपलं गाणं आपल्यापुरतं झालं. मग विचारलं की तुम्ही हेडफोन कधी काढता? एका मुलीने लिहून दिलं, "जिच्याबरोबर एक कान वाटून घेता येतो तिच्याजवळच." मी तो कागद जपून ठेवलाय.

अजून दोन गोष्टी. डिसेंबर 2023 मध्ये स्पॉटिफायच्या कर्मचारी कपातीत मॅकडोनाल्डची नोकरी गेली, आतला डेटा मिळणं बंद झालं आणि नकाशा तिथेच थांबला, त्यामुळे त्यानंतरचं नवं त्यात शोधू नका. दुसरं म्हणजे काही नावं, उदाहरणार्थ एस्केप रूम, ही नकाशावाल्यानेच ठेवलेली आहेत, ती गाणी करणारे स्वतःला तसं म्हणत नाहीत. हे मुलांना जरूर सांगा. आमच्याकडे यावरून अख्खा तास गेला, की नाव ठेवायचा हक्क कुणाचा, वाजवणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा, की मोजणाऱ्याचा. शेवटी प्रत्येकाने एक बिननावाचा तुकडा ऐकून स्वतः नाव दिलं आणि ते का दिलं ते ठेका, बास, सूर, शब्द या चार फेऱ्यांवरून पटवून सांगितलं.

मोठा स्क्रीन नसला तरी चालेल पण स्पीकर चांगला हवा. लॅपटॉपच्या आवाजावर बास ऐकूच येत नाही, आणि मग ती दुसरी फेरी वाया जाते. पुढच्या टर्मला मी आठाचे दहा तास मागितलेत.