फ्रोझन मायसिस: बेळगावात सहा-सात महिने वापरल्यानंतर

मायसिस म्हणजे कोळंबीसारखे दिसणारे बारीक जीव, माशांना खायला गोठवून क्यूबमध्ये विकतात. मासा खातो, आवडीने खातो. पण घरच्या फ्रीझरवर भरवसा असेल तरच घ्या.

टिळकवाडीतल्या माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये कॉपरबँड बटरफ्लाय मासा आहे. लांब चोच, नारिंगी पट्टे, दिसायला देखणा आणि जेवायच्या वेळी रुसून बसलेला जावई. क्लाउन मासे काहीही टाकलं तरी मटकावतात. हा पेलेटकडे (कोरड्या दाणेदार खाद्याकडे) ढुंकूनही बघत नाही. त्याचंही बरोबर आहे म्हणा. समुद्रात तो खडकाच्या फटींत चोच घालून किडे टिपतो, वरून पडणारं काहीतरी अन्न असतं हे त्याला पटणार कसं?

म्हणून सुरुवात तिसऱ्यांनी, म्हणजे खायच्या शिंपल्यांनी केली. कॅम्पातल्या मासळी बाजारात मिळतात. तोंड घट्ट मिटलेल्याच घ्यायच्या. उघडून, धुऊन अर्धी शिंपली खडकाला टेकवून ठेवली की तो आधी एका डोळ्याने निरखतो, मग चोचीने मांसाचा कण ओढतो. एकदा ही सवय लागली की त्याच शिंपलीत मायसिस दाबून ठेवायची आणि मांस हळूहळू कमी करायचं. आता तो ड्रॉपरने खडकाजवळ सोडलेली मायसिसही टिपतो, पोटाची खळगी भरली आहे.

माल चांगला आहे. दाणे अख्खे, काळे डोळे स्पष्ट दिसतात. ब्राइन श्रिम्पही (खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबीसारखी जात) तो खातो, पण नुसत्या तिच्यावर मासा पोसत नाही. क्यूब टँकच्याच पाण्यात विरघळवून चहाच्या गाळणीतून गाळतो आणि ते गढूळ पाणी फेकून देतो; टँकमध्ये गेलं तर फॉस्फेट वाढून काचेवर शेवाळ धरतं. खाद्याला लावायच्या लसणाच्या रसाचं कौतुक बरंच ऐकलं होतं, आमच्या साहेबांना काही फरक पडला नाही.

तक्रार पाठवणीची. पुण्याहून रात्रीच्या बसने आलेल्या एका पाकिटात सगळ्या क्यूबची मिळून एक लादी झाली होती, म्हणजे वाटेत वितळून पुन्हा गोठलेली. असा माल उघडला की नुसता लगदा निघतो आणि वासही मारतो. दुकानदाराने हात वर केले. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट गेली की तीच भीती, म्हणून मी पाकीट बर्फाच्या बाटल्यांमध्ये ठेवतो. मटारच्या शेजारी ठेवण्यावरून घरात जे ऐकावं लागतं ते वेगळंच.

मँडरिन माशासाठी घेणार असाल तर थांबा. तो दिवसभर जिवंत कोपेपॉड (खडकांवरचे अगदी बारीक जीव) टिपत फिरतो. जुना, भरपूर खडकांचा टँक नसेल तर मायसिसच्या भरवशावर तो आणू नका.